निशातगंज ते मलिहाबाद : आमराईतील मूक राखणदार

लखनौचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सहसा बडा इमामबाडा उभा राहतो, चिकनचे नाजूक भरतकाम उभे राहते, आणि संगीताची आवड असली तर पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या प्रेरणेने १९२६ साली येथे सुरू झालेल्या संगीत विद्यालयाची आठवण होते. परंतु ज्येष्ठ महिन्यात ह्या शहरात येणाऱ्याला ह्या सर्वांच्या आधी आंबा भेटतो. हजरतगंजहून अशोक मार्गाने निघावे, सिकंदरबागेचा चौक ओलांडावा आणि गोमतीचा पूल पार करावा, की पैलतीरावर निशातगंज लागते. 'निशात' म्हणजे आनंद आणि 'गंज' म्हणजे पेठ. ही आनंदाची पेठ दाटीवाटीची आहे. आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, जुन्या कागदगिरणीची आठवण नावात जपणारी पेपर मिल कॉलनी, कापडाची, भांड्यांची, मिठाईची दुकाने, आणि ह्या सगळ्यांच्या मधून वाट काढणाऱ्या फळांच्या हातगाड्या.

जून उजाडला की ह्या गाड्यांवर दशहरीचे राज्य सुरू होते. हापूसवर वाढलेल्या मराठी माणसाला दशहरी प्रथमदर्शनी थोडा कृश वाटतो. लांबट बांधा, पातळ साल आणि पिकल्यावरही थोडी हिरवी झाक राखणारा पिवळा रंग, असे त्याचे रूप. पण कापल्यावर त्याचा रेषाविरहित, घट्ट व मधुर गर आणि पातळ कोय पाहिली की लखनौकरांच्या अभिमानाचे कारण कळते. गाडीवरच्या ढिगात एखाद्या फळावर काजळीसारखा काळा थर दिसतो. चोखंदळ गिऱ्हाईक ते फळ बाजूला सारते. वस्तुतः ओल्या फडक्याने पुसले तर तो थर निघून जातो आणि आतील गराला त्याची बाधा झालेली नसते. परंतु हा काळेपणा आला कोठून, ह्याचा माग काढू लागलो तर आपण निशातगंजच्या बाजारातून थेट आमराईत जाऊन पोहोचतो. तेथे फांदीफांदीवर चाललेले एक फार जुने युद्ध आपल्या दृष्टीस पडते.

काकोरीच्या वाटेने

लखनौच्या पश्चिमेला हरदोई रस्त्याने जाताना दुबग्गा येथील मोठी फळमंडई मागे पडते आणि शहराची गर्दी हळूहळू विरळ होते. ह्या वाटेवरचे काकोरी हे नाव प्रत्येक भारतीयाला परिचित आहे. ९ ऑगस्ट १९२५ रोजी ह्याच परिसरात क्रांतिकारकांनी रेल्वेतून नेला जाणारा सरकारी खजिना लुटला होता. त्या खटल्यात शिक्षा झालेले रामकृष्ण खत्री हे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे. काकोरीजवळच दशहरी नावाचे खेडे आहे. दशहरी आंब्याचे मूळ झाड येथलेच, आणि ह्या गावानेच त्या आंब्याला आपले नाव दिले, असे मानतात. तो पुरातन वृक्ष आजही मोठ्या आदराने दाखविला जातो. पुढे मलिहाबाद लागते आणि मग दोन्ही अंगांना नजर पोहोचेल तेथवर आमराई. २००९ साली मलिहाबादच्या दशहरीला भौगोलिक ओळखीचा मान मिळाला. एकाच झाडावर शेकडो जातींची कलमे बांधणारे हाजी कलीमुल्लाह खान हे येथलेच. २००८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

काकोरी आणि मलिहाबाद ह्यांच्या दरम्यान रहमानखेडा येथे आंब्याच्या अभ्यासाला वाहिलेली एक सरकारी संस्था आहे. १९७२ साली केंद्रीय आंबा संशोधन केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. १९९५ पासून ती केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था ह्या नावाने ओळखली जाते. कलमे, खते, छाटणी ह्यांबरोबरच आंब्याचे कीटक, त्यांतले शत्रू आणि मित्र, हाही येथील अभ्यासाचा विषय आहे.

गुजिया आणि भुनगा

मलिहाबादच्या बागवानांच्या तोंडी दोन शत्रूंची नावे नेहमी येतात. पहिला 'गुजिया'. हे नाव ऐकून पाहुण्याला होळीच्या दिवशी खाल्ल्या जाणाऱ्या, आपल्या करंजीसारख्या गोड पदार्थाची आठवण होते. पण हा गुजिया म्हणजे आपल्याकडे ज्याला पिठ्या ढेकूण म्हणतात त्या कुळातला किडा. अंगावर पांढरी पूड माखलेला, चपटा, आणि चालण्यात अगदी मंद. त्याचा जीवनक्रम मोठा विलक्षण आहे. एप्रिल-मेमध्ये मादी झाडाच्या बुंध्यावरून खाली उतरते, मुळांभोवतीच्या मातीत शिरते आणि तेथे काही शेकडा अंडी घालून मरून जाते. ती अंडी उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळ्याचा आरंभ जमिनीतच काढतात. डिसेंबर-जानेवारीत त्यांतून चिमुकली पिल्ले बाहेर पडतात आणि रांगेने बुंध्यावर चढू लागतात. वर कोवळी पालवी आणि मोहोर त्यांची वाट पाहत असतो.

दुसरा शत्रू 'भुनगा', म्हणजे आपला तुडतुडा. कोकणातल्या बागाईतदाराला त्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. पाचरीच्या आकाराचा हा लहानसा किडा मोहोराच्या दांड्यात अंडी घालतो. त्याची पिल्ले तुऱ्यातला रस शोषून घेतात आणि मोहोर करपून गळतो. गुजिया आणि भुनगा हे दोघेही पोटात मावेल त्याहून अधिक रस ओढतात आणि जास्तीचा गोड रस थेंबाथेंबाने बाहेर टाकतात. पाने, डहाळ्या, फळे त्याने चिकट होतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. निशातगंजच्या गाडीवर पाहिलेल्या काजळीचे मूळ हेच. बुरशी स्वतः फळ खात नाही. पण पानावर तिचा थर बसला की पानाला सूर्यप्रकाश मिळत नाही आणि झाड अशक्त होते.

राखणदारांची ओळख

निसर्गाने ह्या शत्रूंना मोकळे रान दिलेले नाही. गुजियाच्या मागावर ढालकिडे असतात. पाठ ढालीसारखी फुगीर, रंग तांबूस वा नारिंगी, असे हे भुंगेरे मुलांच्या परिचयाचे असतात. त्यांची अळी मात्र कोणी ओळखत नाही. ती लांबट, खरखरीत आणि दिसायला काहीशी भेसूर असते. त्यामुळे अजाण माणूस तिलाच कीड समजून चिरडून टाकतो. वस्तुतः भुंगेरा आणि त्याची अळी दोघेही गुजियावर तुटून पडतात. उत्तर भारतातील आमराईत 'रोडोलिया फ्युमिडा' आणि 'सुम्नियस रेनार्डी' ह्या शास्त्रीय नावांचे दोन ढालकिडे गुजियाचे भक्षक म्हणून प्रसिद्ध आहेत.

तुडतुड्यांचे वैरी आणखी निराळे. मोहोरात जाळी विणून बसलेले कोळी त्यांना पकडतात. जाळीदार हिरव्या पंखांच्या क्रायसोपा कीटकाच्या अळ्या विळ्यासारख्या जबड्यांनी त्यांच्या पिल्लांना धरून शोषून घेतात. ह्या दोघांहून नवल आहे ते गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातील काही अतिसूक्ष्म कीटकांचे. त्यांची मादी तुडतुड्याच्या अंड्यात आपले अंडे घालते. त्यातून निघणारी अळी ते अंडे आतून खाऊन टाकते, आणि तुडतुडा जन्माला येण्यापूर्वीच संपतो. अशा कीटकांना परोपजीवी कीटक म्हणतात. हवेत दमटपणा असला की 'ब्यूव्हेरिया' आणि 'व्हर्टिसिलियम' ह्या जातींच्या बुरशीही कीटकांच्या अंगावर वाढून त्यांना मारतात.

पाने शिवून झाडावरच घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्यांची गोष्ट मात्र दुहेरी आहे. इसवी सन ३०४ च्या सुमारास चीनमधील जी हान ह्या लेखकाने दक्षिणेकडील वनस्पतींविषयी जे लिहिले, त्यात बाजारात पिशव्यांतून विकल्या जाणाऱ्या मुंग्यांचा उल्लेख आहे. संत्र्याच्या कुळातील झाडांवर त्या सोडल्या नाहीत तर फळे किडतात, असे तेथील लोक मानीत. माणसाने कीटकाकडून बागेची राखण करून घेतल्याचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा समजला जातो. आपल्या आंब्यावरच्या मुंग्या त्याच जातीच्या. त्या पुष्कळ किडे मारतात हे खरे. पण गोड चिकट्याच्या लोभाने काही रसशोषक किडींना त्या संरक्षणही देतात आणि ढालकिड्यांना हुसकून लावतात. तेव्हा मित्र कोण आणि शत्रू कोण, हे केवळ चेहऱ्यावरून ठरत नाही. बागेत रोज डोळे उघडे ठेवूनच ते ओळखावे लागते.

एका भुंगेऱ्याची कीर्ती

मलिहाबादच्या गुजियावर जगणाऱ्या रोडोलियाचा एक भाऊबंद जगप्रसिद्ध आहे. त्याची कथा फळबागांच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात संत्र्या-लिंबांच्या बागांवर कापसासारख्या पांढऱ्या पुंजक्यांची एक खवलेकीड पसरली. ही कीड आपल्या गुजियाच्याच नात्यातली. कोणत्याही औषधाने ती आटोक्यात येईना. शेतकरी झाडे उपटून जाळू लागले. ही कीड मूळची ऑस्ट्रेलियातील आहे आणि तेथे ती फारशी उपद्रव देत नाही, हे कळल्यावर सी. व्ही. रायली ह्या कीटकशास्त्रज्ञांच्या मनात आले, की तिचा नैसर्गिक वैरीही तेथेच असला पाहिजे. १८८८ साली त्यांनी आल्बर्ट केबेले ह्यांस ऑस्ट्रेलियाला पाठविले. केबेले ह्यांना तेथे ज्वारीच्या दाण्याएवढा, लाल-काळ्या रंगाचा 'रोडोलिया कार्डिनालिस' हा ढालकिडा सापडला.

बोटीने आलेल्या पहिल्या १२९ भुंगेऱ्यांना लॉस एंजेलिस येथे कापडी तंबूने झाकलेल्या एका झाडावर सोडण्यात आले. थोड्याच महिन्यांत त्यांची संतती हजारोंनी वाढली आणि शेतकरी दुरून दुरून येऊन ती आपल्या बागांत घेऊन गेले. दोन वर्षांच्या आत कीड नगण्य झाली. पुढे तीच खवलेकीड निलगिरीच्या डोंगरात वॅटलच्या झाडांवर आढळली, तेव्हा १९३० च्या सुमारास हाच भुंगेरा भारतातही आणला गेला आणि त्याने येथेही आपले काम चोख बजावले.

परंतु ह्या कथेचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षाही अधिक बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. हे नवे कीटकनाशक बाजारात आले. कॅलिफोर्नियातील बागांवर अन्य किडींसाठी ते फवारले जाऊ लागले. १९४६-४७ च्या सुमारास पाहतात तो काय, अर्धशतकापूर्वी पराभूत झालेली कापशी कीड पुन्हा फांद्यांवर हजर! औषधाने कीड मेली नव्हती, तिचा वैरी मात्र मेला होता. फवारणी बदलली, भुंगेरे पुन्हा आणून सोडले, तेव्हाच बागा सावरल्या.

आपल्या देशातील अनुभव

भारतातही असे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. कुलू खोऱ्यातील सफरचंदावरच्या लोकरी माव्यासाठी १९३० च्या दशकात 'अ‍ॅफेलिनस माली' हा चिमुकला परोपजीवी कीटक आणला गेला. १९५७ साली बंगळूर येथे राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेचे केंद्र सुरू झाले. १९७७ पासून ह्या विषयाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प चालू झाला. आज बंगळूरची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो ही संस्था हे काम पाहते.

महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारांना 'क्रिप्टोलिमस' हा ढालकिडा ठाऊक आहे. १८९८ साली ऑस्ट्रेलियातून तो भारतात आणला गेला, तो कॉफीवरील खवलेकिडीसाठी. आज द्राक्षांवरील पिठ्या ढेकणासाठी तो प्रयोगशाळेत वाढवून बागेत सोडला जातो. त्याची अळी अंगावर पांढरे मेणाचे धागे वागवते, म्हणून ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच दिसते. नवखा माणूस फसतो आणि आपल्याच सैनिकावर औषध मारतो.

सर्वांत अलीकडची आणि डोळ्यांत भरणारी हकीकत पपईची. २००८ साली कोइमतूर भागात मध्य अमेरिकेकडचा एक पिठ्या ढेकूण पपईवर आढळला. पाहता पाहता तो तुती, टॅपिओका आणि इतर पिकांवर गेला. २०१० पर्यंत पुण्याकडील पपईच्या बागांतही तो येऊन पोहोचला होता. त्याच वर्षी पोर्टो रिको येथून 'अ‍ॅसेरोफॅगस पपाये' हा सूक्ष्म परोपजीवी कीटक मागविण्यात आला, आणि ऑक्टोबरपासून तो बागांत सोडण्यास सुरुवात झाली. काही महिन्यांतच पपईची झाडे पुन्हा टवटवीत दिसू लागली. हजारो शेतकऱ्यांच्या फवारणीने जे साधले नव्हते, ते डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका कीटकाने साधले.

झुमक्याचा इशारा

हे सर्व ज्ञान हाताशी असता मलिहाबादेत चिंता कशाची? चिंता आहे ती घाईची. येथील पुष्कळ बागा मोहोराच्या आधी किंवा फळे लहान असतानाच ठेक्याने दिल्या जातात. ठेकेदाराचे लक्ष त्या हंगामाच्या पिकावर. झाड पुढच्या पन्नास वर्षांचे असले तरी त्याचा सौदा चार महिन्यांचा असतो. म्हणून भुनगा दिसो वा न दिसो, शेजाऱ्याने फवारले की आपणही फवारावे, अशी रीत पडत गेली. औषधाची मात्रा वाढत गेली, एकात दुसरे औषध मिसळले जाऊ लागले. तोच तो प्रकार वारंवार मारल्याने किडी त्याला दाद देईनाशा होतात. ढालकिडे, कोळी आणि परोपजीवी कीटक मात्र पहिल्याच फवारणीत बळी पडतात. मग पूर्वी ज्यांची नावेही कोणी घेत नसे, अशा क्षुद्र किडी डोके वर काढतात.

ह्याचा एक पुरावा तर झाडावरच लटकलेला दिसतो. काही वर्षी तुऱ्याच्या टोकाला वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा घोस धरतो. कानातल्या झुमक्यासारखा दिसतो म्हणून बागवान त्याला 'झुमका' म्हणतात. दिसायला तो सुंदर, पण त्यातली फळे वाढत नाहीत. काही दिवसांनी ती पिवळी पडून गळून जातात. तुऱ्यात परागीभवन नीट न झाल्याचे हे लक्षण आहे. आंब्याच्या फुलांवर पराग वाहून नेण्याचे काम मधमाश्या आणि नाना प्रकारच्या माश्या करतात. त्यांतल्या सिरफिड माशीचे तर दुहेरी उपकार आहेत. मोठी माशी पराग वाहते आणि तिची अळी मावा खाते. ऐन फुलोऱ्यात थंडी वा पाऊस झाला तर ह्या माश्या कमी होतात. पण ऐन फुलोऱ्यात औषध मारले, तर माणूस स्वतःच्या हातांनी त्यांना नाहीसे करतो. मोहोर वाचविण्यासाठी केलेली फवारणीच फळ घालवून बसते.

उपाय सोपे आहेत आणि बरेचसे स्वस्तही. उन्हाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवतीची माती उकरून ठेवली, की गुजियाची अंडी उन्हाने व मुंग्यांमुळे नष्ट होतात. डिसेंबरच्या मध्यास, पिल्ले चढू लागण्यापूर्वी, जमिनीपासून सुमारे एक हातावर बुंध्याला वीतभर रुंदीचा गुळगुळीत प्लॅस्टिकचा पट्टा घट्ट बांधावा आणि त्याच्या खालच्या कडेला ग्रीस लावावे. पिल्लांचे पाय त्यावरून घसरतात आणि ती वर पोहोचू शकत नाहीत. ह्या एका पट्ट्याने औषधाची गरजच उरत नाही असे झाड पुष्कळदा दिसते. दाट वाढलेल्या जुन्या बागेत फांद्यांची विरळणी केल्यास ऊन-वारा खेळतो आणि सावली आवडणारा भुनगा कमी होतो. तुऱ्यामागे पाच-दहा भुनगे मोजल्यावरच फवारणीचा विचार करावा. तीही प्रथम निंबोळी अर्काची किंवा बुरशीयुक्त जैविक औषधाची करावी, आणि फुले पूर्ण उमलली असता मुळीच करू नये. बागेच्या कडेला मोहरी, कोथिंबीर, बडीशेप फुलू दिली तर मित्रकीटकांना मध मिळतो आणि ते बागेत टिकून राहतात. फळे धरल्यावर त्यांना कागदी पिशव्या घालण्याची पद्धतही आता ह्या पट्ट्यात रुजू लागली आहे.

ह्या कामात घराघरातील माणसांचाही वाटा आहे. फळावर ठिपका नको, डाग नको, साल आरशासारखी हवी, हा गिऱ्हाइकाचा हट्ट मंडईतून ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराकडून फवारणीच्या नळीपर्यंत पोहोचतो. काळी काजळी पाण्याने धुऊन जाते, हे गृहिणीला ठाऊक असले तर तो हट्ट थोडा सैल होईल. ज्यांच्या परसात एखादे आंब्याचे, लिंबाचे किंवा पेरूचे झाड आहे, त्यांनी पान उलटे करून पाहावे. मुलांच्या हाती भिंग द्यावे. मावा कोणता, ढालकिड्याची अळी कोणती आणि क्रायसोपाची केसासारख्या देठावर उभी असलेली अंडी कोणती, हे त्यांना दाखवावे. एकदा ही ओळख पटली, की दिसला किडा की चिरडला, ही सवय आपोआप सुटते.

मलिहाबादच्या झाडांनी नबाबांचा काळ पाहिला आहे, आणि ज्यांनी ती लावली त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी त्यांची फळे खाल्ली आहेत. त्या सर्व काळात फांदीवरचा पहारा कधी थांबला नव्हता. त्या पहारेकऱ्यांना वेतन लागत नाही की विश्रांती लागत नाही. बागवानाने फवारणीची नळी हाती घेण्यापूर्वी एकवार झाडाकडे निरखून पाहावे, आणि त्यांचे काम त्यांना करू द्यावे, एवढेच ते मागतात.